मदत हवी आहे: जँगोमध्ये तीन डेटाबेससाठी एकच राउटर कसा लिहावा?

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरजवळच्या दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर करतो. जँगो (पायथनमधली वेब चौकट) आणि पोस्टग्रेस डेटाबेस. डेटाबेस तीन: मुख्य, त्याची वाचनापुरती रेप्लिका (मुख्यच्या मागोमाग अद्ययावत होणारी प्रत) आणि जुन्या बिलांचा वेगळा.

कुठली क्वेरी कुठं जाणार, हे आजवर ज्यानं त्यानं आपापल्या फंक्शनमध्ये 'युजिंग' लिहून, म्हणजे डेटाबेसचं नाव उघड देऊन, ठरवलं. ते सगळं काढून हे एका जागी ठरवणारा एकच राउटर क्लास लिहायला घेतलाय आणि तिथंच अडकलोय.

सकाळी संकलनाला रांग असते. म्हशीच्या दुधाचं फॅट ६.८ नोंदवलं की लगेच पावती निघते. नोंद मुख्यवर जाते, पावती रेप्लिकावरून वाचते. रेप्लिका क्षणभर मागं पडली की पावतीवर आदल्या वेळचं ६.१ छापलं जातं. शेतकऱ्याचा दर फॅटवर ठरतो, त्यामुळं ही चूक मला अजिबात चालणार नाही.

वाचन कुठून करायचं हे सांगणाऱ्या राउटरच्या 'डीबी फॉर रीड' मेथडला मॉडेल आणि हिंट्स एवढंच मिळतं. याच रिक्वेस्टमध्ये आधी काही लिहिलंय का, हे कळत नाही. म्हणून कॉन्टेक्स्ट व्हेरिएबलमध्ये (चालू कामाची माहिती ठेवायची जागा) खूण ठेवली: एकदा लिहिलं की पुढचं वाचन मुख्यवरूनच. वेबवर जमलं. पार्श्वभूमीत टास्क चालवणाऱ्या सेलरीत मात्र खूण पुसली जात नाही, पुढचा टास्कही मुख्यवरच जातो.

टास्क संपल्यावर सेलरी देते त्या सिग्नलनं खूण पुसणं भरवशाचं आहे का? की पावतीसारख्या मोजक्या जागी मुख्य डेटाबेस उघड लिहावा? माझा कल दुसऱ्या पर्यायाकडं आहे.

शिवाय टेस्टमध्ये 'मिरर' ही सेटिंग लावली की रेप्लिका म्हणजे मुख्यच, मग हा उशीर दिसतच नाही. तो मुद्दाम कसा आणता? कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.