धारोष्ण, निरसं, शृत : दुधाचे शब्द

कुंदकळी : फ्रीजमधल्या बाटल्यांवर ‘धारोष्ण दूध’ लिहिलेलं दिसतं. धारोष्ण म्हणजे न तापवलेलं, एवढंच ना? मग ‘निरसं’ काय वेगळं?

खलबत्ता : फ्रीज आणि धारोष्ण एका बाटलीत मावत नाहीत! धार + उष्ण. गाईच्या अंगची ऊब (साधारण ३८.५ अंश) दुधात असेपर्यंतच ते धारोष्ण. चरवी निवली की तेच दूध नुसतं निरसं, म्हणजे विस्तव न दाखवलेलं. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात या निवलेल्या दुधाला ‘धाराशीत’ म्हटलंय. तिथली वाटणी अशी : गाईचं धारोष्ण, म्हशीचं धाराशीत, मेंढीचं शृतोष्ण (तापवलेलं, गरम), शेळीचं शृतशीत (तापवून निववलेलं). गाईचं धाराशीत तर टाळायलाच सांगितलंय. तेव्हा बाटलीतल्या मालाचं शास्त्रोक्त नाव नेमकं उलटं. शिवाय न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस, क्षय पसरू शकतो, तापवूनच प्यावं.

काना_मात्रा : ‘शृत’साठी पाणिनीचं स्वतंत्र सूत्र आहे, ‘शृतं पाके’ (६.१.२७). वैयाकरण हे रूप दूध आणि हवी (यज्ञातली आहुती) यांच्यापुरतंच मानतात. शिजलेली पेज ‘श्राणा’. वैद्यांनी ते काही पाळलं नाही, उकळलेल्या पाण्यालाही शृतच म्हणतात.

खलबत्ता : पचनाचं सगळं या शब्दांतच आहे. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात ‘आम’ म्हणजे कच्चं दूध जड आणि अभिष्यंदी (स्रोतसं चिकट करून अडवणारं), बेतानं तापवलेलं त्याच्या उलट, आणि अतिशृत आणखीच जड. म्हणून भूक मंद असेल तर एक ऊत आणून उतरवावं. आटीव दूध, बासुंदी नको. न पचलेल्या अन्नरसालाही ‘आम’च म्हणतात. पोट बिघडल्यावर पडते ती ‘आव’ त्यातूनच आली.

कुंदकळी : मग क्षीरपाक (औषध घालून उकळलेलं दूध) म्हणजे आटीव दूधच झालं की.

मंद_आच : नाही, त्यात आटतं ते पाणी. औषध १ भाग, दूध ८, पाणी ३२. दूध उरेपर्यंत उकळायचं. ५ ग्रॅम अर्जुनसालीची भरड, ४० मिली दूध, १६० मिली पाणी. आधी रिकाम्या पातेल्यात ४० मिली पाणी ओतून चमच्याच्या दांड्यावर खूण करून ठेवा, म्हणजे कुठे थांबायचं ते कळतं. झाकण नको. घाईनं पाणी कमी घातलं तर सालीचा अर्क नीट उतरत नाही, आच मोठी केली तर दूध तळाला लागतं. सुंठ चालते, ओलं आलं कोमट दुधात किसलंत तर दूध नासतं, कारण त्यातलं विकर (एन्झाइम) दुधातली प्रथिनं तोडतं. चहातही आलं आधी पाण्यात उकळावं ते यासाठीच.

काना_मात्रा : ‘नासतं’ हे बरोबर. लिंबू पिळून मुद्दाम करतो ते ‘फाडणं’. नासलेल्याचं पाणी ‘नासकवणी’.

कुंदकळी : आणि पंचामृतात पिशवी कापून तसंच ओततात ते?

काना_मात्रा : ते डेअरीत ७२ अंशांवर १५ सेकंद तापून आलेलं असतं, म्हणजे काटेकोरपणे निरसं नव्हे. पण घरोघरी आता त्यालाच निरसं म्हणतात. शब्दाचा अर्थ ‘आपल्या गॅसवर न चढलेलं’ इतका सरकलाय.