डाल्मेशियन पिल्लू बहिरं आहे, शिकवायचं कसं?

डॅलीची आई: आमचं पिल्लू दोन्ही कानांनी बहिरं आहे असं व्हेटने सांगितलं, हाक मारून उपयोग नाही, मग बस, ये हे शिकवू कसं?

श्वानप्रेमी: टेन्शन नका घेऊ ताई, डाल्मेशियनमध्ये जन्मजात बहिरेपण बऱ्यापैकी असतं आणि कुत्रे हातवारे पटकन उचलतात. आधी अंगठा दाखवला की लगेच खाऊ, असं रोज थोडं थोडं करा म्हणजे अंगठा म्हणजे शाब्बास हे त्याला कळेल, मग प्रत्येक गोष्टीची एकच खूण ठरवा, घरात सगळ्यांनी तीच वापरायची. आपणहून तुमच्याकडे बघितलं की बक्षीस द्याच, सगळं त्यावरच आहे.

मोत्याचा दादा: झोपेत एकदम हात लावू नका, दचकून चावू शकतं. नाकाजवळ खाऊ धरा, वासाने उठेल.

श्वानप्रेमी: हो, आणि रस्त्यावर पट्टा कधीच सोडू नका, हॉर्न ऐकू येत नाही त्याला. शॉकवाली कॉलर तर अजिबात नको.