वस्ताद म्हणून आंदळकर आबा

पैलवान गणपतराव आंदळकर म्हटलं की लोकांना त्यांचं १९६०चं हिंदकेसरीपद आणि १९६४चं टोकियो ऑलिंपिक आठवतं. पण माझ्या मते त्यांची खरी कमाई नंतरची : कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत घडवलेले पठ्ठे. दादू चौगुले त्यांतलेच, १९७४च्या राष्ट्रकुलमध्ये रौप्य. आमच्या चिपळूणकडे कबड्डीचं वेड. कुस्तीत रमलेला पोरगा घाट चढून कोल्हापूरच गाठतो. चिपळुणात आखाडा राखणंही कठीण. जांभ्याची खरबरीत माती चाळायची, मग त्यात ताक, तेल, हळद, लिंबू. पावसाळ्यात खोऱ्याने सारखी वरखाली केली नाही तर तिला बुरशी धरते. म्हणून म्हणतो, इथे मॅटचा हॉल आणि पूर्णवेळ वस्ताद हवाच. दहावीआधीच पोरांना घर सोडायला लागू नये.