आशियाई स्पर्धेसाठी भारतीय कबड्डी संघ निवडला कसा जातो?

पांझराकाठ (साक्री)

सर्वांना नमस्कार. मी साक्री तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आमची एक विद्यार्थिनी यंदा शालेय राष्ट्रीय कबड्डी स्पर्धेत महाराष्ट्राकडून खेळून आली. गावात तिची मिरवणूक निघाली, चौकात अभिनंदनाचा फलक लागला, आणि तेव्हापासून तिचे वडील भेटतील तिथे एकच विचारतात : सप्टेंबर २०२६ मध्ये जपानमध्ये आइची-नागोया येथे आशियाई स्पर्धा होणार आहेत, त्या संघासाठी आपल्या पोरीचा विचार होईल का? त्यांना खोटी आशा लावायची नाही आणि उगाच नाउमेदही करायचे नाही. संघ शेवटी निवडतो कोण, सरकार, ऑलिम्पिक संघटना की कबड्डीचा महासंघ? आणि शालेय राष्ट्रीय प्रमाणपत्राला त्यात कितपत वजन असते? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

केळीबाग (रावेर)

सर, या तिघांची कामे वेगवेगळी आहेत. खेळाडू निवडण्याचे काम त्या त्या खेळाच्या राष्ट्रीय महासंघाचे असते. भारताचे पथक म्हणून प्रवेशिका पाठवण्याचा अधिकार भारतीय ऑलिम्पिक संघटनेचा, कारण आशियाई स्पर्धेत देशाचे प्रतिनिधित्व तिच्यामार्फतच होते. पथकाला मान्यता व खर्चाची मंजुरी केंद्रीय क्रीडा मंत्रालय देते. ही मंजुरी केवळ कागदोपत्री असते असे मात्र कोणी समजू नये. चीनमधील हांगझोउच्या आशियाई स्पर्धेच्या वेळी, म्हणजे २०२३ मध्ये, सांघिक खेळात आशियातील पहिल्या आठांत क्रमांक असला पाहिजे या निकषामुळे भारतीय फुटबॉल संघाचे जाणे अडले होते. पुढे मंत्रालयाने निकष शिथिल केला तेव्हा संघ गेला आणि बाद फेरीपर्यंत पोहोचला. कबड्डीला असल्या निकषाची भीती नाही, कारण १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत भारताला मिळालेले एकमेव सुवर्णपदक याच खेळाचे होते. प्रश्न उरतो तो संघातल्या बारा जणींत जागा मिळवण्याचा.

सातपुडा_पायथा (शहादा)

केळीबागदादांनी वरची रचना नीट सांगितली आहे, पण सरांची खरी अडचण त्याखाली आहे, असे मला वाटते. शालेय स्पर्धा आणि महासंघाच्या स्पर्धा हे दोन वेगळे जिने आहेत, आणि खान्देशातले बहुतेक पालक (काही शिक्षकसुद्धा, राग नसावा) पहिल्या जिन्याचा शेवट म्हणजे दुसऱ्याची सुरुवात असे धरून चालतात. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा क्रीडा खात्यामार्फत होतात आणि राष्ट्रीय पातळीवर त्या शालेय क्रीडा महासंघाच्या असतात. त्या प्रमाणपत्राचा शिक्षणात आणि पुढे नोकरीत उपयोग होतो, हे वडिलांना जरूर सांगावे. भारतीय संघाच्या सराव शिबिराकडे जाणारी वाट मात्र जिल्हा संघटनेकडे नोंदणी, राज्य अजिंक्यपद, त्यातून महाराष्ट्राचा कुमारी किंवा वरिष्ठ संघ आणि मग राष्ट्रीय अजिंक्यपद अशी आहे. वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत केवळ राज्यांचेच संघ नसतात. भारतीय रेल्वेचा संघ स्वतंत्र उतरतो आणि रेल्वेत नोकरीला लागलेली मुलगी तिथे राज्याऐवजी रेल्वेकडून खेळते. त्यामुळे शालेय वयातून थेट भारतीय वरिष्ठ संघात जाण्याची शक्यता फार म्हणजे फारच थोडी असते.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

शहाद्याच्या भाऊंशी मी सहमत आहे. निवड चाचणीबद्दल मात्र थोडे लिहितो, कारण चाचणी जिंकली की जागा पक्की, असा समज आपल्याकडे फार आहे. वैयक्तिक खेळांतही तसे नेहमी नसते. २०२३ मध्ये कुस्तीत विनेश फोगाट आणि बजरंग पुनिया यांना चाचणीविना थेट प्रवेश दिला गेला, त्याविरुद्ध अंतिम पंघाल ही कुस्तीपटू न्यायालयात गेली आणि तिची याचिका फेटाळली गेली. पुढे विनेश दुखापतीमुळे बाहेर पडली, अंतिम हांगझोउला गेली आणि ५३ किलो गटात कांस्यपदक घेऊन आली. बजरंगला मात्र तिथे पदक मिळाले नाही.

कबड्डीत तर गुण मोजून क्रम लावण्याची सोयच नाही. बारांपैकी सात मैदानात आणि पाच राखीव असा हिशोब असल्याने निवड समिती संघाची बांधणी पाहते. चांगली चढाई करणाऱ्या चार मुली असतील आणि डाव्या कोपऱ्यात घोट्याची पकड करणारी एकही नसेल, तर पाचव्या चढाईपटूला कितीही टाळ्या मिळोत, ती घरीच राहते. हांगझोउचा महिलांचा अंतिम सामना भारताने चिनी तैपेईविरुद्ध २६-२५ असा एका गुणाने जिंकला. अशा सामन्यात एखादी पकड सुवर्ण आणि रौप्य यांतला फरक ठरवते. म्हणून सर, ती मुलगी कोणत्या जागेवर खेळते, हे आधी कळवा.

दुसरे असे की आपल्याकडची पोरे मातीत तयार होतात आणि आंतरराष्ट्रीय सामना मॅटवर असतो. मातीत अनवाणी पाय रोवून केलेली पकड मॅटवर बूट घालून तशीच बसत नाही, वळताना पाऊल अडते आणि गुडघा दुखावतो. चाचणीच्या आदल्या आठवड्यात मॅटवर नेऊन हे साधत नाही.

पांझराकाठ (साक्री)

सर्वांचे मनापासून आभार. मुलगी उजव्या कोपऱ्यात खेळते आणि मॅटवर ती फक्त विभागीय स्पर्धेपासून पुढेच खेळली आहे. जिल्हा संघटनेकडे तिचे नाव अद्याप नोंदवलेले नाही, हे आजच तपासले. तिच्या वडिलांना नागोयाऐवजी पुढच्या कुमारी गटाच्या जिल्हा निवड चाचणीबद्दल सांगणार आहे. नोंदणीसाठी कोणती कागदपत्रे हाताशी ठेवावीत?

सातपुडा_पायथा (शहादा)

जन्मदाखला, आधार कार्ड आणि शाळेचा बोनाफाईड दाखला तयार ठेवा. तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख अक्षरशः सारखी आहे ना, हे आधी पाहा. आमच्याकडे एका मुलीच्या आधारवर आडनाव वेगळ्या पद्धतीने छापले होते आणि दुरुस्ती होईपर्यंत चाचणीची तारीख निघून गेली. कुमारी गटात वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते, तेव्हा तिचे वजन आत्ताच करून घ्या.