लिकुआला ग्रँडिस की पेल्टाटाचा सुमावाँगी प्रकार? रोपं ओळखायला मदत हवी आहे

बडोद्यात लिकुआला या पामची 'ग्रँडिस' म्हणून घेतलेली दोन रोपं आहेत, ३ वर्षांची. दोन्हींची पानं अखंड, गोल, घड्या पडलेल्या पंख्यासारखी. पण एकाचं पान ४५ सेंमीवर थांबलंय, तर दुसऱ्याचं ७० च्या पुढे गेलंय. त्याचा देठ जवळपास मीटरभर लांब आणि खालच्या अर्ध्या भागात वाकडे काटे. हे सुमावाँगी असावं, असा माझा अंदाज. आपल्या ईशान्येकडची नेहमीची पेल्टाटा नक्कीच नाही, तिचं पान देठापर्यंत चिरलेलं असतं. ग्रँडिसच्याही देठाला बुडाशी काटे येतात, म्हणून नुसत्या काट्यांवरून ठरवता येत नाही. फुलोरा अजून एकालाही नाही.

दोन्ही १४ इंची कुंडीत, माती, पानखत, कोकोपीट, जाड वाळू सारख्या प्रमाणात, वर ७५ टक्क्यांचं शेडनेट. बोअरच्या जड पाण्याने टोकं करपत होती. साठवलेलं पावसाचं पाणी दिल्यावर नवी पानं स्वच्छ आली. मे महिन्यातल्या गरम वाऱ्याने मोठं पान मात्र अजूनही कडेने फाटतं.

जुलैत एकच रोप जमिनीत लावायचंय. जागा २ मीटर रुंद, सकाळचं ऊन, पश्चिमेला भिंत. सुमावाँगीचं पान दीड मीटरच्या वर जातं, देठही लांब, म्हणजे ते तिथे मावणार नाही. नंतर मुळं दुखावून पुन्हा हलवायचं नाही.

फुलोरा येण्याआधी, देठ किंवा पानाच्या कडेवरून या दोघांतला फरक खात्रीने कसा ओळखायचा?