दम्यात श्वास थांबला: अँब्यू बॅग किती वेगाने दाबायची?

प्रश्न (वॉर्डातली_वही):
इमर्जन्सीतल्या नव्या स्टाफसाठी एका पानाची सूचना लिहितोय. दम्याचा तीव्र झटका, रुग्ण थकून श्वास घ्यायचाच थांबला, पण नाडी लागतेय. इथून पुढे अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) मिनिटाला किती वेळा दाबायची? आणि श्वासनलिकेत ट्यूब टाकल्यावर बीपी कोसळला तर आधी काय बघायचं?

दीर्घ_उच्छ्वास:
मिनिटाला ८ ते १०, त्याहून जास्त नको. दम्यात हवा आत ढकलता येते, अडते ती बाहेर पडताना. मिनिटाला २० वेळा दाबलं तर एका श्वासाला ३ सेकंद मिळतात, त्यातला एक आत जाण्यात जातो. उरलेल्या दोनात फुप्फुस रिकामं होत नाही आणि दर श्वासाला थोडी हवा साठत जाते. मिनिटाला ८ ठेवलं तर बाहेर यायला सहा सेकंदांच्या वर मिळतात. छाती जेमतेम उचलेल इतकंच दाबा, ऑक्सिजन पूर्ण फ्लोवर. जोर लावलात तर हवा पोटात जाते आणि उलटी होते. घाबरलेला माणूस हमखास भराभर दाबतो, म्हणून एकाला मोठ्याने सेकंद मोजायला उभं करा.

नाडी गेली तर लगेच सीपीआर: ट्यूब नसेल तर ३०:२ (छातीवर ३० दाब, मग २ श्वास), अॅड्रेनॅलिन १ मिलिग्रॅम शिरेतून दर ३ ते ५ मिनिटांनी.

भूल_आणि_नळी:
औषधांचं थोडक्यात, सगळं प्रौढांसाठी. श्वास थांबल्यावर नुसता पंप तोंडात मारून उपयोग नाही, आत ओढणारं कोणी नाही. साल्ब्युटॅमॉल ५ मिलिग्रॅम आणि इप्राट्रोपियम ०.५ मिलिग्रॅम बॅगच्या किंवा व्हेंटिलेटरच्या सर्किटमध्ये नेब्युलायझर जोडून द्या. तेही आत पोचत नसेल तर अॅड्रेनॅलिन ०.५ मिलिग्रॅम (१:१००० चं अर्धा मिली) मांडीच्या स्नायूत. मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम शिरेतून, २० मिनिटांत. हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम लगेच द्या, पण त्याचा असर दिसायला काही तास लागतात, त्याच्या भरवशावर थांबू नका.

ट्यूबसाठी भुलीला केटामाइन १ ते २ मिलिग्रॅम प्रतिकिलो आणि स्नायू सैल करायला रोक्युरोनियम १.२ मिलिग्रॅम प्रतिकिलो. ट्यूब बसेल तेवढी जाड घ्या, अरुंद ट्यूबने अडथळा वाढतोच. सलाइन आधीच सुरू असू द्या.

वॉर्डातली_वही:
इतका कमी रेट ठेवला तर कार्बन डायऑक्साइड चढणार. ते चालतं?

दीर्घ_उच्छ्वास:
चालतं. ऑक्सिजन नीट असेल आणि पीएच ७.२ च्या आसपास टिकत असेल तर चढलेला कार्बन डायऑक्साइड सहन करतात. तो खाली आणायला रेट वाढवणं ही इथली सगळ्यात महागडी चूक. व्हेंटिलेटरवर टायडल व्हॉल्यूम (एका श्वासाची हवा) उंचीवरून काढलेल्या वजनाला ६ ते ८ मिली प्रतिकिलो, पीप (श्वास सोडून झाल्यावर राखलेला दाब) ० ते ५, प्लॅटो (हवा आत रोखून मोजलेला दाब) ३० च्या खाली. पीक प्रेशर मात्र खूप वर दिसेल, तो आकुंचलेल्या नळ्यांचा विरोध आहे. त्याची अलार्म मर्यादा खाली ठेवलीत तर मशीन श्वास अर्धवट तोडतं आणि व्हॉल्यूम मिळतच नाही.

भूल_आणि_नळी:
आता बीपी. साठलेली हवा छातीतला दाब वाढवते, हृदयाकडे रक्त परत येत नाही आणि बीपी पडतो. पहिली कृती: ट्यूब सर्किटपासून सोडवा, ३० सेकंद तशीच ठेवा, छातीच्या दोन्ही बाजू हलकेच दाबून हवा बाहेर काढा. बीपी सुधारला तर कारण कळलं, रेट आणखी कमी करा. नाही सुधारला तर टेन्शन न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत दाबाने साठलेली हवा) डोक्यात असू द्या, तोही दोन्ही बाजूंना असू शकतो. एक्स-रेची वाट न बघता सुईने दाब सोडवा, मग इंटरकॉस्टल ड्रेन (बरगड्यांमधून छातीत घातलेली नळी). ट्यूब सरकलीय किंवा कफाने बुजलीय का, हे त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी बघावं.

नाडी_आणि_घड्याळ:
सूचनेत एक ओळ श्वास थांबण्याच्या आधीची घाला. सूं-सूं आवाज थांबला की नवखे म्हणतात ‘आराम पडला’. छाती शांत, रुग्ण गुंगीत, सॅच्युरेशन ९२ च्या खाली, किंवा इतकी धाप असूनही एबीजीत (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत) कार्बन डायऑक्साइड ‘नॉर्मल’ आला, तर स्नायू थकलेत. भूलतज्ज्ञाला तेव्हाच बोलवायचं.