शॉक म्हणे छळ! छळ कशाला म्हणतात ते माहितीये का?

शेवंती: मानसिक आजारात डोक्याला विजेचा झटका देतात ना, त्यावर काल इथे एकाने लिहिलं, "शॉक ट्रीटमेंट म्हणजे मेंदूला चटके, बंदच करा." डोकं सणकलं. माझी आई ११ दिवस खात नव्हती, बोलत नव्हती, हात उचलून धरला तर तसाच अधांतरी राहायचा. कॅटाटोनिया म्हणतात, माणूस असा थिजून जातो त्याला. तिसऱ्या शॉकनंतर म्हणाली, "पाणी दे गं." भूल देतात, स्नायू सैल करायचं इंजेक्शन देतात, शॉकने येते ती फिट जेमतेम मिनिटभर. सिनेमातली आदळआपट डोक्यातून काढा आता.

निशाचर: चटकेवाला मीच. १९३८ ला रोममध्ये चेर्लेत्ती नावाच्या डॉक्टरने हे सुरू केलं ते कत्तलखान्यात डुकरांना शॉक देतात ते बघून. एवढं पुरे.

साधाभोळा: पेनिसिलिन बुरशीतून आलं, घेत नाही का तुम्ही?

निशाचर: बरं, डुकरं सोडा. मला ९ दिले. भावाच्या लग्नाच्या फोटोत मी नाचतोय आणि मला ते लग्नच आठवत नाही! "थोडं विसरायला होईल, येईल परत" म्हणाले होते. चार वर्षं झाली, कुठंय?

साधाभोळा: डिप्रेशनमध्येपण विसरायला होतंच की.

निशाचर: किल्ली विसरतो माणूस. अख्खं लग्न नाही.

गोळीबंद: मुळात डॉक्टरांना बोलायला वेळ नाही, पाच मिनिटांत चिठ्ठी, मीठ कमी करा पण तसंच सांगतात...

शेवंती: तुमचं प्रत्येक धाग्यावर हेच असतं. निशाचर, डोक्याच्या दोन्ही बाजूंनी दिले होते का? नुसत्या उजव्या बाजूने, विजेच्या छोट्या पल्सने दिले तर स्मृती कमी जाते.

निशाचर: मला कोणी विचारलं तर सांगेन ना! फॉर्मवर सही वडलांची. तुमच्या आईच्या फॉर्मवर कोणाची?

शेवंती: माझी. ती बोलतच नव्हती, मरू द्यायचं होतं का तिला?

निशाचर: असं म्हटलं का मी? आणि पुढे गोळ्या किंवा अधूनमधून शॉक चालू नाही ठेवले तर बहुतेकांना सहा महिन्यांत परत होतं, हे पण सांगा की. तेव्हा तरी विचारलंत का तिला?

शेवंती: विचारलं. परत झालंच होतं. म्हणाली, द्या, पण आधी सगळ्या फोटोंमागे नावं लिहून ठेव.

निशाचर: घ्या. हे तिला सुचलं, डॉक्टरला नाही. असो, कॅटाटोनियापुरतं तुमचं खरं, माझ्या बाबतीत नाही.

गोळीबंद: डॉक्टरांना वेळच कुठंय, तेच तर म्हणत होतो.